रस्ता गुहागरला जातो, पाणीपण

हेडफोन घातलेत ना? एसटीत असाल तर खिडकीजवळची जागा पकडा, कारण आज आपण प्रवासाला निघतोय. आणि हे नंतर वाचत असाल तर मोबाईलवर नकाशा उघडून ठेवा. उपयोग होईल.

आज बोलायचंय गुहागरबद्दल. आता तुम्ही म्हणाल, गुहागरचे व्हिडिओ ढीगभर आहेत. बीच, मोदक, सूर्यास्त, झालं. मलाही तसंच वाटायचं. दोन वेळा मित्रांबरोबर जाऊन आलो होतो. गाड्या काढल्या, फोटो टाकले, परत. पण गेल्या डिसेंबरात तिसऱ्यांदा गेलो तो आजीबरोबर. आणि मग कळलं की आधीच्या दोन वेळा मी गुहागर बघितलंच नव्हतं.

मी पाटणचा. सातारा जिल्ह्यातलं पाटण. कोयना आणि केरा या नद्या जिथे भेटतात ते. आमच्या गावातून जो मोठा रस्ता जातो, त्याचं नाव लहानपणापासून बोर्डावर वाचत आलोय : गुहागर-विजापूर. आता तो राष्ट्रीय महामार्ग १६६ई झालाय. शाळेत असताना मला या नावाचं हसू यायचं. एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला पार कर्नाटकातलं विजापूर, आणि मध्ये आम्ही, दोन्हीकडे न जाणारे! कराडला बाजाराला जायचं, मुंबईला कामाला जायचं. गुहागरला कोण जातंय?

तर झालं असं. मित्रांबरोबरच्या ट्रिपचे फोटो मी घरी दाखवत होतो. आजीनं मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि विचारलं, "ह्यो समुद्र कुठला?"

मी म्हटलं, "गुहागरचा."

"आपलं पाणी जातंय त्यो?"

मला आधी समजलंच नाही. मग लक्षात आलं.

आजीचं माहेर कोयनेच्या खोऱ्यात होतं. होतं म्हणतोय, कारण ते आता शिवसागराखाली आहे. धरण भरायला लागलं तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची. घराची कौलं, दारं, सगळं उतरवून बैलगाडीत घातल्याचं तिला आठवतं. गावातली निम्मी माणसं एकीकडे गेली, निम्मी दुसरीकडे. हजारो कुटुंबं अशीच उठली. कुणी ठाण्याकडे, कुणी रायगडात, कुणी सोलापूर-सांगलीकडे. त्यातल्या कितीतरी घरांची नातवंडं आजही जमिनीच्या कागदासाठी कचेरीच्या पायऱ्या चढतायत. पुढं आजीचं लग्न पाटणजवळ झालं. पण दिवाळीला माहेरी जाते म्हणायला माहेरच उरलं नव्हतं.

तिनं समुद्र पाहिला नव्हता असं नाही. आजोबा मुंबईत गिरणीत होते, तेव्हा एकदा दादरला चौपाटीवर गेली होती. पण ती म्हणाली, "त्यो मुंबईचा समुद्र. मला आपलं पाणी जिथं जातंय ते बघायचंय. लोकं म्हणत्यात डोंगराच्या पोटातनं कोकणात जातंय. म्या कवा बघितलंच न्हाई."

वडिलांनी नाही म्हटलं. घाटातली वळणं, तिचे गुडघे, बी.पी.ची गोळी. बरोबर होतं त्यांचं. पण आजी दोन दिवस जेवताना कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चुलतभावाची गाडी मागितली.

आता नकाशा बघा. पाटणहून निघालं की रस्ता कोयना नदीला धरून वर चढतो, कोयनानगर, हेळवाक. सह्याद्रीची धार आली की कुंभार्ली घाट. घाट उतरला की पोफळी, अलोरे, मग चिपळूण आणि पुढे गुहागर. सगळं मिळून शंभर-एकशेदहा किलोमीटर. पुणं आम्हाला याहून लांब पडतं. म्हणजे समुद्र आम्हाला पुण्यापेक्षा जवळ आहे, आणि हे आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यातच नसतं.

कोयनानगरला गाडी थांबवली. आजी खाली उतरली नाही, काचेतूनच बघत राहिली. म्हणाली, "भूकंप झाला तवा अंगावर भांडी पडली." ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. दीडशेहून जास्त माणसं गेली त्यात. आमच्याकडे अजूनही वयस्कर माणसं वर्षं मोजताना 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' असंच मोजतात.

बरं, पाण्याची गोष्ट नीट सांगतो, कारण आपल्यातल्या अनेकांना ती पूर्ण माहीत नसते. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेला वाहत येते, मग पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. कृष्णा पुढे कर्नाटक, तेलंगणा, आंध्र करत बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे आमच्या पाण्याचा मूळ रस्ता पूर्वेचा. पण सह्याद्रीच्या पश्चिमेला कोकण एकदम खाली आहे. उतार इतका की पाणी तिकडे सोडलं तर साडेचारशे मीटरहून जास्त खोल पडतं. एवढ्या उंचीवरून पाणी पडलं की जनित्रं फिरतात. म्हणून धरण बांधलं, डोंगरातून बोगदे काढले, आणि पोफळीला जमिनीच्या पोटात वीजघर केलं. आज कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट आहे. धरणात साधारण १०५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी वीज करण्यासाठी पश्चिमेला वळवायची मुभा कृष्णा पाणी लवादानं दिलेली आहे.

आणि वीज झाल्यावर ते पाणी कुठं जातं? पोफळीतून कोळकेवाडीच्या धरणात, तिथे आणखी एकदा वीज, मग कालव्यातून वाशिष्ठी नदीत. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत. आणि दाभोळची खाडी अरबी समुद्रात, गुहागर तालुक्याच्या अगदी टोकाला.

म्हणजे आजीचा प्रश्न अगदी बरोबर होता. आमचा रस्ता जिथे जातो, तिथेच आमचं पाणी जातं.

घाट उतरताना हे सगळं मी तिला सांगत होतो. ती ऐकून म्हणाली, "म्हंजी आमचं घर बुडालं, त्येच्यावरनं पाणी निघतंय आन हिकडं येतंय." मी म्हटलं, "हो आजी, असंच." पुढची दहा वळणं कुणी काही बोललं नाही.

चिपळूणला चहाला थांबलो. हॉटेलवाल्याला पाटणहून आलोय म्हटल्यावर त्यानं भिंतीवरची एक रेघ दाखवली. त्याच्या डोक्याच्याही वर होती. जुलै २०२१ चा पूर. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. आणि त्याच दोन दिवसांत, त्याच पावसात, घाटाच्या वर आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला होता, घरं गाडली गेली होती. तो म्हणाला, "तुमच्याकडे डोंगर पडला, आमच्याकडे नदी चढली." डोंगर एकच आहे हो. आपण त्याच्या दोन बाजूंना राहतो, एवढंच.

दुपारी गुहागरला पोहोचलो.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गुहागर म्हणजे एक लांबच लांब गल्ली समजा. मधोमध रस्ता, समुद्राला समांतर. दोन्ही बाजूंना घरं, आणि घरांमागे नारळ-पोफळीच्या वाड्या. खालचा पाट, वरचा पाट अशी वस्त्यांची नावं. वाड्या ओलांडल्या की सुरूचं बन आणि मग किलोमीटरच्या किलोमीटर सरळ वाळू. रस्त्यावरून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. व्याडेश्वराचं देऊळ मध्यावर आहे. ते अनेक चित्पावन घराण्यांचं कुलदैवत, त्यामुळे पुण्या-मुंबईची, आता परदेशातलीसुद्धा माणसं पिढ्यानपिढ्या इथे येतात. पोर्तुगीजांनी या उपसागराला ब्राह्मणांचा उपसागर असंच नाव दिलं होतं.

आता एक गंमत. आपण समजतो, समुद्रावर सुट्टी घालवणं ही इंग्रजांची नाहीतर इन्स्टाग्रामची देणगी. युरोपात तसं झालंही. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲबरिस्टविथ नावाचं गाव आहे. इंग्लंड-वेल्समध्ये त्या काळी डॉक्टरच समुद्रस्नान करायला सांगायचे. आधी पैसेवाले यायचे. मग १८६४ मध्ये तिथे रेल्वे पोहोचली आणि १८६५ मध्ये समुद्रात आत चालत जाऊन हवा खायला लांबलचक धक्का बांधला गेला. रेल्वे आली आणि मासेमारीचं, व्यापाराचं बंदर सुट्टीचं गाव झालं.

पण आपल्या गुहागरला हे त्याच्या पन्नास वर्षं आधी घडलं होतं. रत्नागिरी जिल्ह्याच्या १८८० च्या जुन्या गॅझेटियरात नोंद आहे, की शेवटच्या पेशव्यानं, दुसऱ्या बाजीरावानं, १८१२ च्या सुमारास इथे समुद्राकडे बघणाऱ्या कड्यावर वाडा बांधला. कशासाठी? उन्हाळ्यात येऊन राहायला आणि समुद्रस्नानाला! पेशव्यांचं समर रिसॉर्टच म्हणा ना. १८१८ ला पेशवाई गेली. पुढे दहाएक वर्षांत इंग्रज गव्हर्नर माल्कमनं आमच्या सातारच्या महाबळेश्वराला थंड हवेचं ठिकाण केलं. पेशवा उन्हाळ्यात खाली समुद्रावर जायचा, साहेब वर डोंगरात चढला. आणि मग सगळे रस्ते, बंगले, बाजार महाबळेश्वरला झाले. गुहागर शांत राहिलं. रेल्वे आजही चिपळूणपर्यंतच. कराड-चिपळूण रेल्वेची चर्चा मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. रूळ अजून दिसले नाहीत.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी आजीला विचारलं, "कुठून आलात?" आजी म्हणाली, "कोयनंचं हाय मी." पाटण नाही म्हणाली, सासरचं गावही नाही. कोयनेची. मी पहिल्यांदाच ऐकलं तिच्या तोंडून.

"अगो बाई, म्हणजे घाटावरच्या!" काकू म्हणाल्या आणि दोघी ओसरीवर बसल्या त्या तासभर. भात कुठला, कुळीथ कसे शिजवता, गुडघ्याला काय लावता. मी मोबाईल चार्जिंगला लावला.

संध्याकाळी उफराट्या गणपतीला गेलो. त्याची गोष्ट अशी सांगतात, की समुद्र गावात शिरायला लागला, तेव्हा पूर्वेला तोंड करून बसलेला गणपती वळून पश्चिमेला समुद्राकडे तोंड करून बसला, आणि पाणी मागे हटलं. आजीनं गोष्ट ऐकली, हात जोडले आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "आमच्या गावचा द्येव न्हाई वळला बघ." मग स्वतःच म्हणाली, "त्यो तरी काय करंल, त्येलाबी उचलून न्यावं लागलं."

मंडळी, इथे मला काय बोलावं कळलं नव्हतं. आत्ताही कळत नाहीये. पुढे जातो.

मग वाळूवर. आजी ओलसर वाळूत उभी राहिली, लाट पायाशी आली तशी माझा हात घट्ट धरला. "हेच का आपलं पाणी?" मी म्हटलं, "नाही आजी, इथे नाही. नदी जिथे मिळते ते उत्तरेला आहे, उद्या जाऊ." ती जराशी हिरमुसली.

तिथे किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांसाठी जाळी लावून जागा राखतात. ऑलिव्ह रिडले कासवं दर हिवाळ्यात इथे अंडी घालायला येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या दोन माद्यांना उपग्रहाचे टॅग लावून सोडलं होतं. एकीचं नाव गुहा, दुसरीचं बागेश्री. ती बागेश्री पोहत पोहत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि उलटंही झालंय. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये टॅग लावलेलं एक कासव जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडलं. मी हे आजीला सांगितलं. आमचं पाणी जायला हवं होतं बंगालच्या उपसागरात, ते आलं इकडे, आणि इथलं कासव गेलं तिकडे. आजी खूप हसली. "त्येला कुणी बोगदा पाडून दिला न्हाई, तरी गेलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनवेलच्या बाजूला निघालो. पंधराएक किलोमीटर. खाडीच्या तोंडावर गोपाळगड आहे. तुळाजी आंग्र्यांनी तो सिद्दीकडून घेतला आणि गोपाळगड नाव ठेवलं. टाळकेश्वराचं दीपगृहही तिथेच. त्याच भागात तो गाजलेला दाभोळ वीज प्रकल्प, ज्याला लोक अजून एन्रॉनच म्हणतात. १९९९ ला सुरू झाला, २००१ ला बंद पडला, नंतर दुसऱ्या नावानं चालवायला घेतला. बघा ना, आमच्या पाण्याच्या सुरुवातीला वीजघर आणि शेवटालाही वीजघर.

आणि खाडीच्या पलीकडे दाभोळ. आज शांत गाव आहे, पण एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. बहमनी सुलतानांचं, मग आदिलशाहीचं. इतकं श्रीमंत की १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडानं ते जाळलं. आणि आदिलशाहीची राजधानी कुठे? विजापूरला! इथं मला आमच्या पाटणच्या बोर्डाचा अर्थ लागला. गुहागर-विजापूर हे सरकारी बाबूनं कुठलीही दोन नावं जोडून केलेलं नाही. बंदर आणि राजधानी यांना जोडणारी दिशा आहे ती. बंदरात उतरलेला माल घाट चढून देशावर जायचा. आम्ही मध्ये पडलेलं गाव नव्हतो, आम्ही वाटेवरचं गाव होतो.

धोपाव्याहून दाभोळला फेरीबोट जाते. गाड्यासुद्धा घेते. आम्ही गाडी काठावर ठेवली आणि पायीच चढलो. आजीला खाली बसायला जागा मिळाली होती, पण ती कठड्याला धरून उभी राहिली. बोट मध्यावर आली. उजवीकडे खाडी आत चिपळूणकडे जाते, डावीकडे उघडा समुद्र. मी हात करून दाखवलं, "हे इकडून आलं ते आपलं, आजी. आणि ते तिकडे मिळालं."

तिनं पिशवीतून नारळ काढला. घरातून आणला होता, मला सांगितलं नव्हतं. हळद-कुंकू लावलं, पाण्यात सोडला. शेजारी एक कोळीण टोपली घेऊन बसली होती, तिनं आपण होऊन हात जोडले. नारळ दोनदा वर-खाली झाला आणि भरतीच्या पाण्याबरोबर उलटा, आत, चिपळूणच्या दिशेला निघाला.

आजी म्हणाली, "बघ. माघारी निघाला."

बोट दाभोळला लागली. परत येताना तिनं धक्क्यावर ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावलं. "खारं झालंय," म्हणाली. मग पदराला हात पुसला. "होयाचंच. पर हितवर आलं."

घरी आल्यावर तिनं वडिलांना एवढंच सांगितलं, "माहेराला जाऊन आले." वडील माझ्याकडे बघत राहिले. त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा मला विचारलं, नकाशावर जुनं गाव कुठं होतं ते दिसतं का. आम्ही तिघं एका मोबाईलवर वाकून शिवसागराचं निळं पाणी मोठं करून बघत होतो. आजी बोट ठेवून सांगत होती, हितं देऊळ, हितं पाणवठा. मी ते सगळं रेकॉर्ड केलंय. टाकणार नाही, घरासाठी आहे.

आता जाणार असाल तर चार गोष्टी. कराडहून चिपळूणला जाणारी एसटी पाटणवरूनच जाते, चिपळूणला गुहागरची गाडी मिळते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी चांगला काळ. पावसाळ्यात घाटात दरडीचा अंदाज घेतल्याशिवाय निघू नका, आणि समुद्रात तर उतरूच नका. किनारा सरळ आणि साधा दिसतो, पण ओढ जोरात असते. गावातली माणसं नको म्हणाली की नकोच. रात्री वाळूवर गाडी घालू नका, मोठे लाईट लावू नका, कासवं येतात. आणि घरगुती खानावळीत जेवा, ओसरीवर थोडं बसा. कुठून आलात विचारतील, तेव्हा नीट उत्तर द्या.

आणि शेवटचं. तुमच्या गावातून एखादा रस्ता, एखादी नदी, एखादा कालवा जात असेल. तो कुठे जातो ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. जमलं तर त्यांना घेऊन तिथवर जा. गुडघे दुखतात, मान्य. पण नंतर नेऊ म्हणता म्हणता राहून जातं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. आणि आज आजीला एक फोन करा.